जखम भरत नाही? मलमाआधी कारण शोधा

खुरपणीत अंगठ्याला खुरपे लागते, चिखलात पायात काटा मोडतो. शेतकऱ्याच्या घरात याचे कोणी मोठे कौतुक करत नाही. आठ-दहा दिवसांत जखम भरते. पण एखाद्याची जखम महिना-महिना ओलीच राहते. मग शेजारीपाजारी सांगतील ते औषध सुरू होते. अशा वेळी चीनमधल्या वैद्य-डॉक्टरांचा अनुभव आपल्यालाही उपयोगी पडेल.

चीनमध्ये अनेक इस्पितळांत देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे उपचार एकाच रोग्यावर केले जातात. चिघळलेल्या जखमेबाबत तिथल्या जुन्या वैद्यांचे सूत्र साधे होते: आधी कुजलेले काढा, मग नवे मांस भरू द्या. चेन शिगाँग या वैद्याने 1617 साली लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात यासाठी एक मलम दिले आहे. त्यात तिळाचे तेल, मेण, ज्येष्ठमध आणि काही मुळ्या आहेत.

तेलकट मलमाने जखम ओलसर राहते. 1962 साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की उघड्यावर सुकून खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी लवकर येते. मात्र चेन यांच्या मलमात पाऱ्याची पूडही होती, आणि पारा हे विषच. म्हणून जुने ते सगळेच सोने नव्हे. बाजारातले बिननावाचे मलम जखमेला लावू नका.

आता नवी गोष्ट ऐका. पानओवा आणि मंडूकपर्णी या आपल्या ओळखीच्या वनस्पती. त्यांच्या अर्कापासून तैवानमध्ये एक मलम तयार झाले. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर त्याची तैवान, चीन व अमेरिकेत 236 रोग्यांवर परीक्षा झाली आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. सोळा आठवड्यांत मलम लावलेल्या 122 पैकी 74 जणांची जखम पूर्ण भरली. नुसती पट्टी बांधलेल्या 114 पैकी 40 जणांची. फरक मोठा आहे. तरीही मलम लावूनसुद्धा 48 जणांची जखम त्या मुदतीत भरली नाही, हेही ध्यानात घ्या. आणि परसातला पाला वाटून लावणे म्हणजे हे औषध नव्हे. त्यासोबतची माती जखमेत जाईल.

मलमाआधी चार गोष्टी

1. रक्तातील साखर तपासा. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते, जखम झालेली कळतही नाही.
2. पायाला रक्त नीट पोचते का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. तंबाखू, विडी बंद करा.
3. जखमेवरचा भार काढा. तळपायाच्या जखमेवर रोज चालत राहिलात तर कोणतेच मलम पुरे पडणार नाही.
4. मेलेले मांस डॉक्टरांनाच काढू द्या. घरी ब्लेड चालवू नका. धनुर्वाताच्या लसीचीही चौकशी करा.

हळद, चुना, राख, शेण जखमेत भरू नका. दोन आठवड्यांत जखम भरण्याचे चिन्ह नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बोट काळे पडले, दुर्गंधी आली, सूज वर चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी निघा. पेरणी, काढणी काहीही असो.

घरात कोणाला मधुमेह असेल, तर रात्री निजण्यापूर्वी त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडात पाहत जा. सासूबाईंची नजर कमी झाली असेल, तर सुनेने किंवा नातवंडांनी पाहावे. दोन मिनिटांच्या या कामाने पाय वाचू शकतो.