साडी घेण्याआधी मगनवाडीत डोकवा!

मैत्रिणींनो, साडी घ्यायची म्हटलं की आपली पावलं आपसूक दुकानाकडे वळतात. समोर गठ्ठा उलगडतो, आणि 'सध्या हेच चालतंय' असं दुकानदारानं म्हटलं की आपणही मान डोलावतो. पण काय चालतं, हे ठरवतं कोण? वर्ध्याच्या मगन संग्रहालयात फिरताना मला हाच प्रश्न पडला. आमच्या पिपरी मेघेहून जाऊन चहाच्या वेळेला घरी परतता येतं, म्हणजे कुणाची कुरकुरही नाही!

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी हे संग्रहालय सुरू केलं. नाव त्यांचे पुतणे मगनलाल यांचं. आत नाना तऱ्हेचे चरखे, ग्रामोद्योगाची अवजारं. हे सगळं पाहताना मुंबईची एक गोष्ट आठवली. तिथे हॉर्नबी रोडवर (आताचा दादाभाई नौरोजी रस्ता) व्हाइटअवे लेडलॉचं साहेबी थाटाचं भलंमोठं दुकान होतं. त्याच इमारतीत १९४६ साली खादी भांडार आलं. ज्या दारातून विलायती झगे बाहेर पडत, तिथूनच हातमागाची साडी बाहेर पडू लागली. आहे की नाही गंमत?

बायकांची अडचण मात्र वेगळीच होती. खादी पांढरी, जाड, आणि नेसल्यावर जड. सवाष्णीनं पांढरं नेसायचं कसं? आमच्या आजेसासूबाईंनी त्यावर स्वतःच तोड काढली. पळसाची फुलं उकळून लुगडं पिवळंधमक रंगवलं आणि हळदीकुंकवाला नेसून गेल्या. पुढच्या महिन्यात आळीत तशी चार लुगडी वाळत होती, असं त्या ऐटीत सांगत. फॅशन म्हणतात ती हीच, नाही का?

माझं माहेर हिंगणघाटकडचं, घरी कापसाची शेती. आपला कापूस गाठी बांधून बाहेरगावी जातो आणि साडी होऊन दसपट भावानं आपल्याच दारी येतो, हे लहानपणापासून बघतेय. म्हणून यंदा शाळेत नेसायला दोन सिंथेटिक साड्यांच्या पैशात एकच खादीची घेतली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात हे जाडंभरडं?" मे महिन्याच्या वर्ध्याच्या उन्हात त्यांनीच ती एकदा मागून नेसली, बरं का!

अशी साडी घेतलीत तर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळी भिजवा. धुवायला रिठे वापरा, सोडा नको. सावलीत वाळवा, आणि थोडी ओलसर असतानाच इस्त्री फिरवा, नाहीतर चुण्या जाता जात नाहीत.