गवतातलं बंदर

आई-बाबा बडोद्याहून येणार म्हटल्यावर मी महिनाभर आधीच एक्सेल शीट करून ठेवली होती. ॲम्स्टरडॅमला दोन दिवस, क्यूकेनहोफची ट्युलिप्स, किंडरडाइकच्या पवनचक्क्या, खीटहोर्नची बोट. प्रोजेक्टसाठी उत्रेख्तला राहून दोन वर्षं होत आली होती आणि खरं सांगायचं तर मीही तेवढंच पाहिलं होतं. बाबांनी शीट दोनदा वर-खाली केली आणि म्हणाले, "छान आहे गं. पण समुद्र हटवून जमीन केली म्हणतात, ती जागा यात कुठे आहे?"

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आमच्या घरी जेवताना पावसाचे आकडे निघतात. त्यामुळे खीटहोर्नवर काट मारली आणि एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी भाड्याची गाडी घेऊन आम्ही ईशान्येकडे निघालो, नोर्डोस्टपोल्डरला.

पोल्डर म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून, आतलं पाणी उपसून मिळवलेली जमीन. इथे पूर्वी झाउडरझे नावाची समुद्राची खाडी होती. १९३२ मध्ये खाडीच्या तोंडावर ३२ किलोमीटरचा बांध पूर्ण झाला, समुद्र बाहेर राहिला आणि आत गोड्या पाण्याचं सरोवर तयार झालं. मग त्या सरोवराचे एकेक तुकडे उपसायला घेतले. नोर्डोस्टपोल्डर १९४२ मध्ये कोरडा झाला. पुलावरून आत शिरलं की रस्ता हळूच खाली उतरतो आणि पुढे जिकडे बघावं तिकडे पट्टीने आखल्यासारखी शेतं. सरोवराचं पाणी बांधापलीकडे, आपल्या डोक्याच्या वर असतं. आईला हे कळल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "रात्री झोप लागते का रे बाबा यांना?"

मध्ये एमेलोर्ड हे मुख्य गाव आणि त्याच्याभोवती कड्यासारखी दहा खेडी. कोणत्याही शेतावरून सायकलने गावात पोचता यावं या हिशेबाने त्यांची जागा कागदावर ठरवलेली. शेत मागणाऱ्यांचीही निवड व्हायची, अधिकारी घरी जाऊन शेतकऱ्याचं घर-दार बघून यायचे. (आपल्याकडच्या कांदेपोह्यांची आठवण झाली.) यातलं नाखेले हे एक गाव तर सगळं सपाट छपरांचं आहे. पन्नासच्या दशकात नव्या विचारांच्या वास्तुविशारदांनी आखलेलं. मला ते आवडलं, आईला सरकारी क्वार्टर्स वाटले.

आईची ट्युलिप्सही इथेच झाली. या पोल्डरमध्ये ट्युलिपची शेती प्रचंड आहे. लाल पट्टा, पिवळा पट्टा, परत लाल, थेट क्षितिजापर्यंत. तिकीट नाही, रांग नाही. फक्त शेतात पाय ठेवायचा नाही. ते कोणाचं तरी पीक आहे, फोटोसाठी घातलेला गालिचा नाही.

दुपारी पोल्डरच्या उत्तरेच्या कडेला लेमरला गेलो. तिथे वाउडाखेमाल नावाचं वाफेवर चालणारं उपसा केंद्र आहे, १९२० मध्ये सुरू झालेलं. चार इंजिनं, आठ पंप, मिनिटाला चाळीस लाख लिटर पाणी बाहेर फेकायची ताकद. युनेस्कोच्या यादीत १९९८ पासून आहे, पण ते नुसतं संग्रहालय नाही. फ्रिसलंडमध्ये पाणी फार वाढलं की आजही पेटवतात. वाफेचं एवढं मोठं आणि अजून चालू असलेलं उपसा केंद्र जगात दुसरं नाही. पितळ असं घासलेलं की आमच्या देवघरातली समई लाजेल. बाबा आणि तिथला म्हातारा स्वयंसेवक यांचं इंग्रजी एकमेकांना पाऊणच कळत होतं. तरी तासभर हातवारे करून दोघांची बोलणी चालली. पाणी किती मीटर उचलता? तेलावर कधीपासून आणलं? आधी कोळसा होता ना? मी आणि आई बाहेर कॉफी पीत बसलो.

तिथेच कळलं की इथे पाण्याचा कारभार पाहणारी वेगळी मंडळं असतात, त्यांची परंपरा तेराव्या शतकापासूनची, आणि त्यांच्या निवडणुकाही होतात. माझ्या भाड्याच्या घरालाही त्यांची पट्टी येत होती. मी ती दोन वर्षं न वाचता भरत होते.

दुसऱ्या दिवशी स्खॉकलंड. उच्चार घसा खाकरल्यासारखा करायचा. हे पूर्वी खाडीतलं बेट होतं. लांबुळकं, अरुंद, दर वादळात थोडं थोडं खचणारं. लोक मासेमारी करायचे आणि गरिबीत राहायचे. १८२५ च्या पुराने बेटाची फार दैना केली. शेवटी १८५९ मध्ये राजाच्या हुकमाने बेट रिकामं करण्यात आलं. साडेसहाशेच्या आसपास माणसं होती. कोणी कांपेनला गेलं, कोणी उर्कला, कोणी फोलेंडामला. पुढे ८३ वर्षांनी पाणीच गेलं आणि बेट शेतांच्या मधोमध उरलं. जमिनीतलं जुनं पीट वाळून ही जागा अजूनही खचते आहे, म्हणून तिच्या कडेचा पट्टा मुद्दाम ओला ठेवतात. नेदरलँड्समधली युनेस्कोच्या यादीत गेलेली पहिली जागा हीच, १९९५ मध्ये. तरी त्या सकाळी आमच्याशिवाय एक सायकलवालं जोडपं आणि भरपूर मेंढ्या एवढेच होते.

मधल्या टेकाडावर १८३४ चं चर्च आणि छोटं संग्रहालय आहे. तिथून चालत उत्तरेच्या टोकाला गेलं की जुनं बंदर लागतं. लाकडी धक्के, दिवा राखणाऱ्याचं घर, सगळं नीट बांधून ठेवलंय. फक्त पाणी नाही. धक्क्याच्या खाली गवत आणि त्याच्यापलीकडे बटाट्याचे वरंबे.

बाबा धक्क्याच्या टोकाला उभे राहिले. मग विचारलं, "यांची घरं कोणी पाडली?"

संग्रहालयात वाचलं होतं ते मी सांगितलं. घरं त्यांनीच पाडायची होती. त्याचे पैसे मिळाले.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. वारा एवढा होता की आई मागेच ओढणी धरून बसली होती. मग म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा मी पहिली दोन वर्षं धरणाच्या बुडीत क्षेत्रात होतो. घरांची मापं घ्यायला. एका घरी गेलो तर त्या बाईनं अंगण नुकतंच सारवलेलं. ओल्या सारवणावरून टेप कशी ओढणार? आम्ही तिघं बाहेर थांबलो, वाळेपर्यंत. तिने चहा दिला. मग आम्ही मापं घेतली."

मी विचारलं, गाव कुठलं. त्यांनी नाव सांगितलं. मी ते याआधी कधीच ऐकलं नव्हतं. आमच्या बडोद्याच्या घरात चोवीस तास पाणी येतं, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

"त्यांना नवीन जागा मिळाली ना पण?" मी म्हटलं.

"मिळाली. लांब." आणि थोड्या वेळाने, "इथे निदान बंदर ठेवलंय."

स्खॉकलंडच्या लोकांचे वंशज आजही आपली संघटना चालवतात. हे ऐकून आई मात्र खूश झाली. गायकवाडांबरोबर बडोद्याला आलेल्यांच्या घरातली ती, मंडळाच्या गणपतीची वर्गणी तीस वर्षं गोळा करतेय. म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच की."

तिथून उर्क पंधरा-वीस मिनिटांवर. हेही पूर्वी बेटच, पण हे रिकामं झालं नाही. १९३९ मध्ये बांधाने मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि गाव मासेमारीच करत राहिलं. किनाऱ्यावर एका स्त्रीचा पुतळा आहे, वाऱ्यात अंगाला चिकटलेल्या कपड्यांचा, मान वळवून पाण्याकडे बघणारा. भोवती समुद्रात गेलेल्यांची नावं, वयांसकट. बाप आणि मुलगा एकाच तारखेला, असंही दिसतं.

माझी चूक अशी की मी रविवार निवडला होता. उर्क फार धार्मिक गाव, रविवारी सगळं बंद. तळलेल्या माशाचं आमिष दाखवून दोघांना आणलं होतं आणि मिळाला एक बाक. आईने पिशवीतून थेपले आणि छुंदा काढला. चर्चमधून परतणारी काळ्या कोटातली माणसं मान लववून जात होती.

कोणाला जायचं असेल तर रेल्वेने कांपेन किंवा झ्वोलेपर्यंत जाऊन पुढे बस मिळते, पण फेऱ्या कमी. दोन-तीन जण असाल तर गाडी बरी. सायकल चालवणाऱ्यांसाठी जागोजागी आकडे लिहिलेले खांब आहेत. नकाशावरून चार-पाच आकडे कागदावर उतरवायचे आणि एकामागून एक शोधत जायचं, इंटरनेट लागत नाही. ट्युलिप्स बघायची तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा. वाऱ्याचं जाकीट मे महिन्यातही लागतं. आणि उर्कला शनिवारी जा.