'शेकी'चे व्ह्यूज आणि आपण चाहते

साठी उलटलेला निवृत्त फौजी आज संजू राठोडच्या गाण्यावर बोलणार, हे ऐकून काहींना हसू येईल. येऊ द्या. मला हा पोरगा मनापासून आवडतो.

संजू जळगाव जिल्ह्यातला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची 'गुलाबी साडी' आली आणि मराठी न कळणारेही त्यावर नाचू लागले. एप्रिल 2025 मध्ये 'शेकी' आलं. संगीत जी-स्पार्कचं, व्हिडिओत सोबत ईशा मालवीय. ती मध्य प्रदेशची, हिंदी मालिका आणि 'बिग बॉस'मुळे उत्तरेत घराघरांत माहीत असलेली. म्हणजे चेहरा उत्तरेच्या ओळखीचा, पण गाणं मराठीच. बाजार मोठा करायचा म्हणून संजूने भाषा सोडली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्याआधी दोनच महिने, फेब्रुवारी 2025 मध्ये, इथे दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर 98वं मराठी साहित्य संमेलन झालं. ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीत संमेलन याआधी 1954 मध्ये भरलं होतं. संमेलनाला जातो तो मराठी जाणणारा माणूस. नोएडातल्या आमच्या सोसायटीतली पंजाबी, बिहारी मुलं मात्र गाण्यातल्या शब्दांचा अर्थ विचारायला माझ्याकडे येतात. दोन्ही कामं भाषेचीच आहेत.

आता मुद्द्याचं. आपण चाहते सारखे व्ह्यूज मोजत बसतो. फौजेत शिकलो ते असं, की आकडा कानावर आला की आधी विचारायचं, तो मोजला कुणी आणि कसा?

दिल्लीच्याच बादशाहचं उदाहरण घ्या. जुलै 2019 मध्ये त्याच्या 'पागल' गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. कोरियाच्या बीटीएसचा विक्रम मोडला, अशी चर्चा सुरू झाली. पण त्यातले बरेच व्ह्यूज पैसे देऊन दाखवलेल्या जाहिरातींमधून आले होते. तेव्हा ही पद्धत सर्रास चालायची, नियमाबाहेरही नव्हती. त्याच सप्टेंबरात यूट्यूबने ठरवलं, की पहिल्या 24 तासांच्या विक्रमात जाहिरातीचे व्ह्यूज धरायचे नाहीत. लोक आपणहून आले तेवढेच मोजायचे.

दुसरी गोष्ट शॉर्ट्सची. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला, तरी एक व्ह्यू धरला जातो. पुन्हा चालला की पुन्हा एक. किती सेकंद पाहिला याची अट नाही. त्यामुळे शॉर्टचे दहा लाख आणि पूर्ण गाण्याचे दहा लाख एका तराजूत घालू नका. पैशांसाठी यूट्यूबही शॉर्टचे वेगळे, खरोखर पाहिलेले व्ह्यूजच धरतं.

मग कलाकाराच्या हाती काय पडतं? पूर्ण लांबीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतून येणाऱ्या पैशांपैकी 55 टक्के यूट्यूब सर्वसाधारण भागीदार चॅनलला देतं. चॅनल गायकाचंच असेल तर उत्तम. कंपनीचं असेल, तर गायकाला किती मिळणार हे करारावर ठरतं. गीतकार आणि संगीतकारांना 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क दिला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. गावातून येणाऱ्या नव्या मुलांना माझं सांगणं एकच, सही करण्याआधी करार जाणकाराकडून वाचून घ्या. गाणं गाजल्यावर वाचून उपयोग नसतो.

आणि चाहत्यांनी काय करावं? गाणं अधिकृत चॅनलवर पाहा, कुणी चोरून चढवलेल्या कॉपीवर नको. चार फोनवर आवाज बंद करून तेच ते फिरवत ठेवू नका. असे कृत्रिम व्ह्यूज यूट्यूब गाळून टाकतं, डेटा तेवढा तुमचा जातो. त्यापेक्षा मराठी न येणाऱ्या एका मित्राला गाणं ऐकवा आणि दोन ओळींचा अर्थ सांगा. तो उद्या स्वतःहून पुढचं गाणं शोधेल. संजूसारख्या मुलाला पुढचं गाणंही मराठीतच करावंसं वाटायला हवं असेल, तर असा श्रोता लाखाच्या आकड्यापेक्षा मोलाचा.

तुमच्या गावात, तुमच्या राज्यात कोणतं मराठी गाणं परक्यांच्या ओठांवर आहे, ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. जय हिंद, जय महाराष्ट्र.