नांदुऱ्याचा दगड आणि चंद्र

नांदुऱ्यात महामार्गालगत उभी असलेली हनुमानाची मूर्ती १०५ फूट उंच आहे. तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगड, हवेचा अडथळा सोडला तर, सुमारे अडीच सेकंदांत जमिनीवर येतो. चंद्राइतक्या अंतरावर तेवढंच खाली यायला त्याला अडीच मिनिटं लागतील. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वीत्रिज्या दूर आहे. तिथे पृथ्वीची ओढ ३,६०० पटींनी क्षीण होते. हा हिशेब केप्लरच्या तिसऱ्या नियमातून निघतो. १६१९ साली त्याने मांडलं, की प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. आणि ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटली तरच हे जमतं.

मग चंद्र आदळत का नाही? तो सेकंदाला सुमारे एक किलोमीटर आडवा धावतो आणि तेवढ्यात पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर झुकतो. त्या झुकण्यालाच आपण कक्षा म्हणतो. केप्लरचे नियम अचूक होते, मग गुरुत्वाकर्षण कशाला हवं, ही शंकाही रास्त आहे. पण ते नियम ग्रहांपुरते होते, दगडाविषयी मुके होते. न्यूटनने १६८७ मध्ये दोघांना एकाच नियमात बसवलं, आणि माझ्या मते खरी झेप तीच. पडताळा आजही घेता येतो. घरावरच्या डिश अँटेनाला चित्र पाठवणारा उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२,००० किलोमीटरवर असतो आणि एका दिवसात फेरी पुरी करतो. चंद्र त्याच्या सुमारे नऊपट दूर आहे. नवाचा घन ७२९, त्याचं वर्गमूळ २७. चंद्राला फेरीसाठी २७ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो.