सगळे आले का?

हिवाळ्यातली पहाट. घोड नदीच्या खोऱ्यावर धुकं उतरलेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोक्याहून उंच ऊस, आणि फाट्यावरच्या दिव्याखाली अंग चोरून उभी असलेली पाच-सहा पोरं. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणं, तिसऱ्याकडे घुंगरू बांधलेली काठी. ‘सगळे आले का?’ हे विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. एखादा राहिला असेल तर त्याला फोन जातो. त्याने तो उचलला नाही, तर त्याच्या दारापुढे जाऊन हाका मारल्या जातात.

या भागातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचं जन्मगाव. आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे. या धरणाच्या कालव्यांनी इथलं शिवार ओलिताखाली आणलं, उसाचे मळे वाढले आणि त्या मळ्यांत बिबट्याने घर केलं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र याच भागातलं. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसराने २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गमावली. त्यामुळे अंधारात एकट्याने बाहेर पडू नका, हातात बॅटरी आणि काठी ठेवा, मोठ्याने बोलत चला, हे वनखात्याचं सांगणं इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे. खरं तर धावायला पुरतं उजाडल्यावर निघणंच शहाणपणाचं. पण भरतीची तयारी करणाऱ्यांना दिवसा कॉलेज असतं, शेतातली कामं असतात, डेअरीला दूध घालायचं असतं. मग ती पोरं जमून निघतात.

भीतीपोटी लागलेल्या या सवयीने त्यांच्या नकळत आणखी एक काम केलं आहे. व्यायामाच्या शास्त्राला अनेक वर्षं छळणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हाती लागलं आहे. धावायला सुरुवात तर पुष्कळ जण करतात. मग तिसऱ्या आठवड्यात बूट कोपऱ्यात का जातात, आणि काहींचे का जात नाहीत?

प्रश्न छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल करायला हवी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जवळजवळ निम्मे भारतीय प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं, तर स्त्रियांत ५७ टक्के. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे बावीस वर्षांत ते दुपटीहून वाढलं.

एवढ्या लोकांची इच्छाशक्ती एकाएकी कमी पडली, असं म्हणणं अवघड आहे. दोष मनाच्या दुबळेपणाला देण्याऐवजी माणूस कुणाबरोबर व्यायाम करतो, हे पाहायला संशोधकांनी सुरुवात केली तेव्हा चित्र स्पष्ट होत गेलं. अमेरिकेत रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी १९९९ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १६६ जण होते. काही एकेकटे आले होते, काही तीन मित्रांना किंवा नातेवाइकांना घेऊन. एकट्याने येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांसोबत आलेल्या आणि एकमेकांना आधार कसा द्यायचा हेही शिकवल्या गेलेल्या गटात हा आकडा ९५ टक्के होता. खरा फरक पुढे दिसला. कार्यक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तर घटवलेलं वजन पूर्णपणे टिकवून ठेवणारे एकट्यांमध्ये २४ टक्के होते आणि मित्रांच्या गटात ६६ टक्के.

सोबतीचा हा परिणाम फक्त दारात येऊन हाका मारण्यापुरता आहे का? तसं नाही, हे २०१७ मधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांनी जगभरातल्या सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. सगळ्यांची धाव मिळून ३५ कोटी किलोमीटर भरत होती. मित्र एकमेकांमुळे धावतात, की धावणारेच एकमेकांचे मित्र होतात, हा इथला कळीचा पेच. तो सोडवायला त्यांनी पावसाची मदत घेतली. एका शहरात पाऊस पडला की तिथली धाव कमी होते. त्याच दिवशी दूरच्या कोरड्या शहरातल्या मित्राची धावही घटली, तर त्याचं कारण पाऊस असू शकत नाही. कारण मित्रच. हिशेब असा निघाला की मित्र एक किलोमीटर जास्त धावला, तर माणूस त्याच दिवशी सुमारे ३०० मीटर जास्त धावतो.

त्यातला आणखी एक निष्कर्ष गावागावातल्या गटांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. कमी धावणाऱ्याचा प्रभाव जास्त धावणाऱ्यावर पडतो, उलट दिशेने मात्र तेवढा पडत नाही. मागचा जवळ येताना दिसला की पुढच्याचे पाय आपोआप उचलले जातात. नवख्याला वाटतं, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय. प्रत्यक्षात त्याच्या येण्याने पुढचे अधिक धावत असतात.

सोबतीने वेग वाढतो, ही गोष्ट शास्त्राच्या नजरेला पहिल्यांदा सायकलच्या शर्यतीत दिसली. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये शर्यतींच्या नोंदी चाळल्या. घड्याळाशी एकट्याने झुंजणाऱ्या स्वारांपेक्षा पुढे कुणीतरी चाल देणारं असलेले स्वार वेगवान होते. मग त्याने चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाची चक्री फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल बसवून. निम्मी मुलं सोबतीत झपाट्याने फिरवू लागली, चौथा हिस्सा तसाच राहिला आणि उरलेली चक्क मंदावली. आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला चाल देणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बैलगाडा शर्यतीत घाटात गाड्यापुढे घोडी पळते आणि बैल तिच्यामागे झेपावतात. एलिउड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, तेव्हा त्याला चाल द्यायला आळीपाळीने ४१ धावपटू होते.

ट्रिप्लेटची काही मुलं मंदावली का, याचं उत्तर पुढे झुरळांनी दिलं. रॉबर्ट झायॉन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये झुरळांना सरळ मार्गावरून आणि वळणावळणाच्या मार्गावरून पळवलं. इतर झुरळं आसपास असली की सरळ मार्गावरची वेगाने पळत, वळणाच्या मार्गावरची मात्र अडखळत. सवयीचं, सोपं काम सोबतीत खुलतं आणि नवं, गुंतागुंतीचं काम चारचौघांत बिघडतं. धावणं पहिल्या प्रकारचं. गोळाफेकीचं तंत्र नव्याने शिकायचं असेल, तर मात्र आधी थोडा एकांत बरा.

आता भरतीच्या पोरांकडे परत. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पन्नासपैकी वीस गुण या एका धावेला. अशा तयारीच्या गटात कुणीतरी एक नेहमी मागे पडणारा असतो, आणि काही महिन्यांनी पाहिलं तर सर्वांत जास्त सुधारणा अनेकदा त्याच्यात दिसते. याला मानसशास्त्रात कोलर परिणाम म्हणतात. ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बर्लिनच्या नौकाविहार मंडळातल्या तरुणांना वजनाची दांडी हातांनी वर-खाली करायला लावली, आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीतला एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावं लागे. आपल्यामुळे सोबत्याचं अडू नये, म्हणून कमजोर गडी एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकून राहिला. मिशिगन स्टेट विद्यापीठात डेबोरा फेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्लँकच्या व्यायामावर हेच तपासलं. आपल्यापेक्षा थोडा सरस जोडीदार समोर, तोही फक्त पडद्यावर; तरी माणसं एकट्यापेक्षा सरासरी २४ टक्के जास्त वेळ टिकली.

इथे ‘थोडा सरस’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोलरलाही असंच दिसलं होतं. दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असलं की फायदा सर्वांत मोठा. अंतर फार असलं, तर मागचा हात टेकतो.

सोबतीत दुखणंही कमी जाणवतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बारा नौकापटूंवरचा एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस मिनिटांचा तोच व्यायाम, त्याच यंत्रावर, एकदा एकट्याने आणि एकदा संपूर्ण चमूबरोबर एका तालात. नंतर रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर आवळत नेऊन कोण किती वेदना सोसतं ते पाहिलं. श्रम सारखेच होते, तरी चमूबरोबर वल्ही मारल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. शरीरात तयार होणाऱ्या एन्डॉर्फिन या वेदनाशामक, सुखद रसायनाशी संशोधकांनी याचा संबंध जोडला. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या साठीतल्या, सत्तरीतल्या वारकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. टाळ-पखवाजावर पडणारी पावली, दिंडीतली ठरलेली जागा, सुटण्याची आणि मुक्कामाची ठरलेली वेळ. एवढं अंतर हीच माणसं एकेकटी चालायला निघाली असती, तर किती पोहोचली असती?

म्हणून गर्दी जमवली की झालं, असंही नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जेमतेम निम्म्यावर येई. कोण किती ओढतो ते दिसेनासं झालं की हात सैल पडतात. पन्नास जणांच्या गटात एक जण आला नाही तर कुणाच्या ध्यानात येत नाही. पाच जणांत लगेच येतं. दुसरा धोका याच्या अगदी उलटा. दोस्ताच्या वेगाशी बरोबरी करण्याच्या नादात नवखा पहिल्याच आठवड्यात गुडघा किंवा नडगी दुखवून बसतो. त्यावर साधी कसोटी आहे. धावताना शेजाऱ्याशी वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत नाही पण बोलता येतं, तो वेग मध्यम व्यायामाचा.

सातत्याने चाललेला, जाणत्या नजरेखालचा गट काय घडवू शकतो, हे नाशिकने दाखवलं आहे. भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली आदिवासी पाड्यांतल्या आणि खेड्यांतल्या मुली एकत्र धावत आल्या. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकलं. तिच्यामागून त्याच मैदानावरची संजीवनी जाधव २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य घेऊन आली, आणि त्याच वर्षी मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. पुढची दिसत होती, म्हणून मागचीला वाट सापडली.

भरतीचे गट मात्र बहुधा एका तारखेला फुटतात. यादी लागते, दोघे मुंबईला रुजू होतात, एक कंपनीत जातो, आणि मागे राहिलेल्यांची धाव महिनाभरात थांबते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, कुणाला २५४ दिवसही लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे चार-सहा महिने नेमाने धावलेल्या पोरांच्या अंगी सवय बहुधा मुरलेली असते. तरी ती सुटते, कारण सवयीची खूण हरवते. ती खूण म्हणजे फाट्यावर उभी असलेली माणसं.

म्हणून गट अशा गोष्टीला बांधायला हवा, जी परीक्षेबरोबर संपत नाही. गावात अशा गोष्टींचा तोटा नाही. दूध डेअरीची वेळ दिवसातून दोनदा येते आणि सहसा चुकत नाही. बचत गटाच्या बायका ठरल्या दिवशी जमतातच. बैठकीआधी उजेडातच अर्धा तास झपाझप चालणं त्यांना जमण्यासारखं आहे. अरालच्या अभ्यासात पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही प्रभाव दिसला, स्त्रियांवर मात्र स्त्रियांचाच. निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांची हालचाल अपुरी असताना बायकांचे स्वतःचे गट उभे राहणं किती गरजेचं आहे, हे यावरून कळावं.

आणि वेग वेगवेगळे असले तर? त्याला धावणाऱ्यांच्या गटांत एक जुनी रीत आहे. पुढे गेलेल्यांनी ठरल्या झाडापाशी थांबून राहायचं नाही. वळून मागे यायचं, शेवटच्याला गाठायचं आणि त्याच्याबरोबर पुन्हा पुढे निघायचं. वेगवान पोरांचं अंतर वाढतं, मागच्याला सोबत मिळते, आणि उसाच्या कडेने कुणीही एकटं राहत नाही. तोवर धुकं विरलेलं असतं, डेअरीवर किटल्या वाजू लागलेल्या असतात, आणि फाट्यावर परतलेली पोरं धापा टाकत पुन्हा तोच प्रश्न विचारतात : सगळे आले का?