हवा शिवणारी सुई

खताच्या गोणीचं तोंड उघडायला शेतकरी कात्री शोधत बसत नाही. दोऱ्याचं नेमकं टोक सापडलं की एका हिसक्यात सगळी शिवण सर्रकन उसवते. तो साखळीटाका. त्यातला प्रत्येक फास दुसऱ्या फासाच्या जिवावर उभा असतो, एक निसटला की पाठोपाठ सगळे निसटले. आता गोधडीच्या दोऱ्याचं टोक धरून ओढून बघा. टोकाजवळच्या दोन-चार टाक्यांना चुण्या पडतील आणि पुढं दोरा हलायचं नाव घेणार नाही. फारच जोर लावला तर तुटेल, पण तुटेल तिथंच. वीतभर पलीकडचा टाका ढिम्म. आणि हे सगळं होतं शिवणकामातल्या सर्वांत साध्या टाक्यानं, धावदोऱ्यानं. सुई खाली, सुई वर. पोरीच्या हातात पहिल्यांदा सुई येते तेव्हा तिला शिकवतात तोच हा टाका.

मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात घर कुणब्याचं असो, ठाकराचं असो की महादेव कोळ्याचं, आतल्या दांडीवर घड्या घातलेल्या गोधड्या असायच्याच. भीमाशंकरच्या डोंगररांगेला खेटून उभा असलेला सिद्धगड, त्याच्या माचीवरची वाडी, पायथ्याचं नारिवली, सगळीकडे रात्र या गोधड्यांवर निघायची. इथली थंडी काही हिमालयातली नव्हे, पण पहाटे गडाच्या कुशीतून गार वारा उतरतो तेव्हा कोकणात आहोत हे खरं वाटत नाही. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या क्रांतिकारकांना २ जानेवारी १९४३ रोजी याच जंगलात वीरमरण आलं. तिथं दरवर्षी त्या तारखेला पहाटेच माणसं जमतात. जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, आधी हौतात्म्याबद्दल बोलेल आणि मग थंडीबद्दल.

तर त्या न निसटणाऱ्या दोऱ्याचं काय? अवखळ बैलाचं दावं नुसतं हातात धरलं तर तो आपल्याला फरफटत नेतो. तेच दावं खुंट्याला दोन वेढे देऊन धरलं तर शेंबडं पोरगंही त्याला थोपवू शकतं. वेढा वाढला की घर्षण बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतं. अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञानं त्याचं सूत्र मांडून ठेवलंय. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यात धरणाऱ्याचं काम साडेसहा पटीनं हलकं होतं, दोन वेढ्यांत ४३ पटीनं आणि तीन वेढ्यांत जवळपास २८५ पटीनं. आता धावदोऱ्याकडे बघा. दोरा कापडात शिरताना वळतो, खालून बाहेर पडताना वळतो, परत वर येताना वळतो, वर आल्यावर पुन्हा आडवा होतो. चार वळणं मिळून जवळपास एक वेढा. कापड मऊ असल्यामुळे प्रत्येक वळण पुरतं काटकोनी नसतं, तेव्हा हिशेबात थोडी सूट देऊ. तरी आठ-दहा टाके गेले की तो दोरा ओढून काढणं माणसाच्या हातचं राहत नाही. गाठ असो वा नसो. म्हणून तर जुन्या बायका ओळीच्या शेवटी मोठी गाठ मारत नाहीत. दोन टाके माघारी घेतात आणि दोरा तोडतात. गाठ अंगाला टोचते, टाका टोचत नाही.

याहून गमतीची गोष्ट खुद्द दोऱ्यात दडलेली आहे. कापसाचा एक तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब. त्याला डिंक लावलेला नसतो, की गाठ मारलेली नसते. नुसता पीळ. तरी त्यातून मैलभर लांबीचं सूत निघतं आणि ते ताण सोसतं. हे कसं होतं, याचं नीट गणिती उत्तर वॉरन, बॉल आणि गोल्डस्टाइन या तिघा शास्त्रज्ञांनी २०१८ साली मांडलं. माणूस हजारो वर्षं कपडे घालतोय आणि ते गळून का पडत नाहीत याचा शोधनिबंध परवापरवाचा! थोडक्यात सांगायचं तर तंतू पुरेसे असतील आणि एकमेकांना पुरेशा ठिकाणी घासत असतील, तर सगळ्यांनी एकाच वेळी निसटण्याची शक्यता इतकी कमी होते की सूत आधी तुटेल, सुटणार नाही. म्हणजे तंतूला तंतू धरतो घर्षणानं, सुताला कापड धरतं घर्षणानं, आणि सात थरांची गोधडी एकसंध राहते तीही घर्षणानंच. पातळापासून वाकळीपर्यंत सगळा संसार एकाच गोष्टीवर चाललेला.

हत्यारं म्हणाल तर मूठभर. सुई, रीळ, कात्री, मेणाचा तुकडा, अंगुस्तान. दाभण असते, पण ती कोपऱ्यापुरती किंवा जाड गोट लावायला. सगळी गोधडी दाभणीनं शिवली तर भोकं मोठी पडतात आणि कापडाची दोऱ्यावरची पकड जाते. मेणावरून दोरा ओढला की त्याची लव बसते, तो गुरफटत नाही आणि थरांतून सहज जातो. अंगुस्तान मधल्या बोटात. काहींना त्याचा राग असतो, त्या बोटाला चिंधी गुंडाळतात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं हत्यार मात्र वरवंटा आहे. अंगणात सारवलेल्या जमिनीवर थर पसरायचे आणि चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेला तांब्या, जे सापडेल ते वजन ठेवायचं. मग तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्यायच्या. ही दहा मिनिटं ज्या बाईनं घाईनं काढली तिच्या गोधडीच्या मध्यात फुगा राहतो, आणि तो पुढं कितीही टाके घातले तरी बसत नाही.

शिवणारीचा हात जवळून बघण्यासारखा असतो. आपल्याला वाटतं की सुई चालते. प्रत्यक्षात उजव्या हातातली सुई फारशी हलत नाही, डावा हात कापड वर-खाली लाटांसारखं तिच्यावर चढवत असतो. चार-पाच टाके सुईवर भरले की अंगुस्तानाचा एक रेटा आणि दोरा सुर्र. डाव्या हाताचं बोट कापडाखाली असतं. सुईचं टोक त्याला लागतं न लागतं तोच ते टोकाला वर वळवतं. सगळे थर शिवले गेले की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही, त्या बोटाला कळतं. जुन्या गोधडकरणीचं ते बोट चाळणीसारखं टोचलेलं असतं आणि त्याचं तिला काही वाटत नाही. तोंड मोकळं असतं, तेव्हा गाणं, गावगप्पा, सुनेच्या माहेरची चौकशी हे सगळं चालू. मोठी गोधडी असली तर दोघी-तिघी वेगवेगळ्या बाजूंनी बसतात. भाताची झोडणी उरकल्यापासून पाऊस येईपर्यंतचा हा दुपारचा उद्योग. विरंगुळा म्हणा, काम म्हणा, त्या फरक करत नाहीत.

किती टाके? सहज हिशेब मांडू. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद गोधडी. ओळींत दीड सेंटिमीटर अंतर धरलं तर ऐंशीच्या वर ओळी. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून सेंटिमीटर धरला तर एका ओळीत दोनशे. एकूण सोळा हजारांच्या वर टाके, आणि प्रत्येक टाका एकट्याच्या बळावर उभा. वर जेवढा दोरा दिसतो तेवढाच खालूनही दिसतो, त्यामुळे गोधडीला उलटी बाजू नसतेच.

मापाची गंमत तर आणखी वेगळी. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, मीटरमध्ये सव्वाआठ. त्याला लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटरहून थोडं जास्त, माणूस पाय ताणून झोपला तरी पुरेल एवढं. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची, एकाला छान होते. कात्री न लावता एका लुगड्यात एका माणसाचे चार थर. पोटात धोतराची पानं, फाटके सदरे, पोरांची झबली. कुणी हे कागदावर आखलं नसेल, पण नेसण्याचं माप आणि झोपण्याचं माप असं जुळून आलं.

जुनंच कापड का, याचं उत्तर फक्त गरिबीत नाही. नव्या सुती कापडात कांजी असते, ते ताठ असतं, सात थरांतून सुई जाता जात नाही. शिवाय नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं. आटलेल्या आणि न आटलेल्या कापडाची जोडी शिवली तर पहिल्याच धुण्याला एक थर आखडतो, दुसरा तसाच राहतो, आणि मधले टाके ताणून तुटतात. वर्षानुवर्षं नदीवर आपटलेल्या लुगड्याचं जे काही आटायचं ते आटून झालेलं असतं. त्याचे धागे सैल होऊन त्यांना बारीक लव फुटलेली असते. आणि त्या लवेत अडकते ती खरी पांघरण्याची वस्तू, म्हणजे हवा.

ऊब कापडाची नसते. कापूस आपण होऊन काही तापत नाही. अंगाची उष्णता बाहेर पळू नये म्हणून वाट अडवायची असते, आणि ती अडवण्यात स्थिर हवेसारखं दुसरं काही स्वस्त नाही. अट एकच, हवा हलता कामा नये. थरांमध्ये, लवेत, टाक्याटाक्यांमधल्या फुगवट्यांत ती कोंडली जाते. धावदोऱ्यानं कापडाला ज्या बारीक लाटा येतात त्या शोभेच्या नाहीत, प्रत्येक लाटेखाली हवेचा एकेक कप्पा आहे. टाके फार दाट घातले तर कप्पे दबतात आणि गोधडी चटईसारखी होते. फार विरळ घातले तर थर सरकतात आणि हवा वाहू लागते. तेव्हा दोन ओळींत एका बोटाचं अंतर हे वळण म्हणून आलेलं असो वा अनुभवातून, ते बरोबर जागी आलंय.

हवेऐवजी पाणी शिरलं की सगळं संपलं, कारण पाणी हवेपेक्षा वीसहून अधिक पटीनं उष्णता वाहून नेतं. म्हणून पावसात बाहेर गोधडी कुणी नेत नाही. तिथं इरलं नाही तर घोंगडी. लोकर भिजली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. मुरबाडजवळ म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलबाजारासाठी ती नावाजलेली, पण तिथं घोंगड्याही मांडलेल्या असतात. घोंगडी विकत आणायची, गोधडी घरी करायची, अशी ही विभागणी.

सिद्धगडावरून खाली पाहिलं की पावसाळ्यात बांधाबांधांनी तुटलेली भातखाचरं दिसतात, एक पोपटी, एक गर्द, एक पाण्यानं चकाकणारं. ठिगळांची गोधडी त्यावरून सुचली असेल का? सिद्ध करता येणार नाही. पण ठिगळाला भातखाचराची उपमा मात्र फार जुनी आहे. विनयपिटकात गोष्ट येते की मगधातली बांधांनी आखलेली शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी शिवता येतील का? आनंदानं तुकडे जोडून तशी चीवरं केली. आजही चीवरात ते बांध शिवणीच्या रूपानं असतात. ते चीवर पांघरलेले भिक्खू जुन्नरच्या लेण्यांत राहत, आणि जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट याच मुरबाड तालुक्यात येऊन पोचतो. सातवाहनांच्या काळात देशावरचा माल या घाटानं कल्याणकडे उतरायचा, तेव्हा चिंध्यांचं वस्त्र पांघरलेली माणसंही याच पायऱ्यांवरून गेली असणार. पुढं कितीतरी शतकांनी गाडगेबाबांनी ठिगळांचं तेच वस्त्र अंगावर घेतलं आणि लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणू लागले.

शिवण्याची रीत मात्र जागोजागी वेगळी. मुरबाडकडच्या बायका मधून कडेकडे कापड सारतात, ओळी सरळ घालतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, बरोबर उलट चालते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, अनेक घरांत बोली कोकणी. त्या कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेनं चौकोनी फेर घेत आत येतात आणि ठिगळं शिवता शिवता लावत जातात. मग मध्यात फुगा का येत नाही? कारण वरचा थर आधी अंथरलेलाच नसतो, जागेवरच तयार होत जातो. आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं. ती नसली तर कवंडी त्यांना उघडीबोडकी वाटते.

गोधडीच्या मुळावर ब्लँकेट आलं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. ब्लँकेटं कधीपासून आहेत, त्यांनी गोधडी मारली नाही. मारत असेल तर पॉलिस्टरची साडी. घरात सुती लुगडं उरलं नाही, म्हणजे पोटात भरायला मालच उरला नाही. पॉलिस्टर मजबूत आहे, रंग उडत नाही, वाळतंही झटकन. पण ते गुळगुळीत असतं, थर एकमेकांवरून सरकतात, दोऱ्याला पकड मिळत नाही. आणि कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा पिऊनही कोरडा लागतो, तिथं पॉलिस्टरची मजल अर्ध्या टक्क्याच्याही खाली. रात्री अंगाचा घाम त्याच्याखाली तसाच साचतो.

बायकांनी यावरही तोड काढली आहे. वरून-खालून झगझगीत सिंथेटिक साडी, दिसायला छान आणि टिकायला दणकट. पोटात मिळेल तेवढं सुती, धोतर, चादरी, उशांचे अभ्रे, सुती गाऊन, आणि झिजून गेलेली जुनी गोधडी अख्खीच्या अख्खी. टाके थोडे जवळ घ्यायचे म्हणजे साडी सरकत नाही. बोहारणीकडे जाण्याआधी कपड्यांची निवड होते. एखाद्या साडीबद्दल शंका असली तर तिच्या काठाचा एक धागा उपसून काडेपेटीच्या काडीवर धरायचा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन राख भुरभुरते, ती पोटात. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर ती वरच्या थराला.