प्लग बदलण्याआधी

राळेगावात कापसाच्या हंगामात पॉइंटवाली जुनी बजाज चेतक किकला दाद देईना, की पहिला बळी प्लगचा. प्लग स्वस्त, बदलायला हरकत नाही. पण जुना फेकण्याआधी नीट पाहावा. टोक तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी दिसली तर बहुधा कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतोय; नवा प्लगही काळाच होणार.

खरा गुन्हेगार अनेकदा कंडेन्सर असतो. सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात. कंडेन्सर बिघडला की ठिणगी पॉइंटवरच उडते, ते जळून खडबडीत होतात. नुसते पॉलिशपेपरने घासून काय उपयोग? पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही एकदमच बदला, पॉइंटची फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, तर मात्र कॉइलही तपासून घ्या.